सत्तावीस नंबरचं कार्ड

झोप मोजायची नोकरी मी पावणेदोन वर्षं केली. हे सांगितलं की लोक हसतात. नर्सबाई म्हणजे सुया टोचणार, बाळंतपणं करणार, ताप बघणार. झोप कसली मोजता? पण मोजली. परतूर तालुक्यात, आष्टीच्या आसपासच्या सात खेड्यांत, नव्वदीच्या मध्यावर. बाकीची एकोणतीस वर्षं मी वॉर्डात काढली आणि त्याबद्दल लिहायला मला कुणी सांगितलं तर दहा अंक भरतील. पण या वर्षी संपादकांनी विचारलं तेव्हा मी ठरवलं, आता हे लिहून टाकायचं. आजवर अर्धंच सांगत आले, तेही मला सोयीचं अर्धं.

एका औषध कंपनीनं निद्रानाशावर वनस्पतींची कॅप्सूल काढली होती. तगर, अश्वगंधा, जटामांसी असं काहीबाही त्यात होतं. ती खरंच लागू पडते का, हे तपासायला पुण्याचे एक मोठे डॉक्टर नेमले होते, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. साहेबांना शहरातले रोगी नको होते, कारण ते आधीच चार डॉक्टरांच्या गोळ्या खाऊन बसलेले असतात. म्हणून आमचा संस्थेचा लहानसा दवाखाना निवडला आणि गावोगाव फिरायचं काम माझ्याकडं आलं. पगारावर थोडा भत्ता आणि एक लूना. लूना मिळाली म्हणून मी हो म्हटलं, खोटं कशाला बोलू?

पद्धत सोपी होती. निम्म्या लोकांना झाडपाल्याची कॅप्सूल, निम्म्यांना डॉक्टर नेहमी देतात ती झोपेची गोळी कुटून तशाच कॅप्सूलमध्ये भरलेली. रंग एक, आकार एक, आतली पूडही तपकिरीच. तगरीला घाणेरडा वास येतो, न धुतलेल्या पायमोज्यासारखा. तो ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येक डबीच्या झाकणाखाली तगरीत बुडवलेला कापूस ठेवायचे. म्हणजे सगळ्याच डब्या वास मारायच्या. डबीवर फक्त नंबर. कुणाला काय मिळालं हे रोग्याला माहीत नाही, मला नाही, आमच्या डॉक्टरांनाही नाही. प्रत्येक नंबराचं एक मोहरबंद पाकीट दवाखान्याच्या कपाटात, आणि ते फक्त कुणाच्या जिवावर बेतलं तरच फोडायचं. एक पाकीट फुटलं की तो रोगी अभ्यासातून बाद.

झोप मोजायला माझ्याकडं यंत्र नव्हतं, चिंचोके होते. ही माझी स्वतःची युक्ती आणि तिचा मला अजून अभिमान आहे. लिहिता येत नव्हतं त्यांना मी उशाशी एक डबा ठेवायला लावायचे. जेवढ्या वेळा जाग येईल तेवढे चिंचोके डब्यात टाकायचे. सकाळी घरातलं कुणीतरी मोजून तक्त्यावर रेघा मारायचं. साहेबांनी पुण्याच्या बैठकीत माझे चिंचोके दाखवले म्हणे, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग होती. एक निवृत्त मास्तर तक्त्यावर झोपेऐवजी सगळ्या गावाचं चारित्र्य लिहायचे, तेही शुद्धलेखनासकट. एक पाटील शपथेवर सांगायचे की बारा वर्षांत पापणी मिटली नाही, आणि मी तक्ता भरत असतानाच बाजेवर घोरायला लागायचे. त्यांची बायको त्यांच्या डब्यातून गुपचूप चिंचोके काढून घ्यायची. का, तर म्हणे ते खोटे टाकतात, सरकारी कागदावर खोटं जाऊ नये. तिला किती समजावलं की हे कागद सरकारी नाहीत, पण तिनं काही ऐकलं नाही. अशा प्रत्येक भानगडीची मी तक्त्याच्या कडेला लाल शाईनं नोंद करायची असा नियम होता. लाल शेरा आला की साहेब तो तक्ता बाजूला ठेवायचे.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत माझ्या वहीत लाल शेरेच शेरे. मग मी कंबर कसली. एकेका घरी चार-चार चकरा मारल्या, बायकांना दटावलं, पुरुषांना गोड बोलले. सहा महिन्यांनी साहेब आले, माझी वही चाळली आणि सगळ्यांसमोर म्हणाले की अशी स्वच्छ वही त्यांनी पुण्यातही पाहिली नाही. झालं, माझं डोकं फिरलं. त्या दिवसापासून मला रोग्यांपेक्षा वहीची काळजी जास्त वाटायला लागली. हे तेव्हा कळलं नाही, पण लिहायला बसले तर लपवू कशाला?

आष्टीपासून चार किलोमीटरवरच्या एका खेड्यात गयाबाई राहायची. पंचावन्नच्या आसपासची, कापसाच्या शेतात दिवसभर राबणारी, अन् तरी डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून पिचलेली. तिचं कार्ड सत्तावीस नंबरचं. तिच्याच अंगणात पलीकडच्या घरात तिची धाकटी जाऊ सुभद्रा, तिचं अठ्ठावीस. दोघींचं सख्ख्या बहिणींसारखं होतं. पीठ सरलं की एकीच्या डब्यातून दुसरीकडं, विरजण एकीचं दोघींच्या दुधाला, पाहुणा एकीचा अन् भाजी दुसरीच्या चुलीवरची. पहिला महिनाभर गयाबाईचा डबा चिंचोक्यांनी भरून जायचा आणि सुभद्राचा रिकामा. सुभद्राची तक्रार उलटीच होती, की सकाळी म्हशीच्या धारेला जाग येत नाही, डोकं जड राहतं.

पुढच्या महिन्यात गयाबाईचा डबा एकदम रिकामा झाला. मी हरखले. साहेबांना फोनवर कळवलं तर तेही खूश. म्हणाले, बघा, काहींना उशिरा गुण येतो. दोन आठवड्यांनी मी तिच्या घरी तक्ता न्यायला गेले आणि सवयीनं कोनाड्यातली डबी हातात घेतली. नंबर अठ्ठावीस. मी पुन्हा वाचला. अठ्ठावीसच. पलीकडून सुभद्रा हसत हसत म्हणाली, "आम्ही बदलून घेतल्या, शिस्टर. मला लई झोप यायची, बाईला बिलकुल न्हाई. मंग जिला जेवढी लागती तेवढी." गयाबाई चुलीपाशी चहा टाकत होती. तिच्या तोंडावर इतक्या वर्षांनी तेज आलं होतं.

त्यांचं काय चुकलं होतं? पीठ बदलतात, विरजण बदलतात, तशी झोप बदलून घेतली. चूक ओळखायचं काम माझं होतं. त्या क्षणी डब्या परत बदलून द्यायला हव्या होत्या, दोन्ही तक्त्यांवर लाल शेरा मारायला हवा होता आणि डॉक्टरांना सांगायला हवं होतं. मी तिथं उभ्या उभ्या हिशेब केला की दोन तक्ते बाद होणार, तेही या केंद्रातले सगळ्यात देखणे, आणि साहेब पुढच्याच आठवड्यात येणार होते. शिवाय नुकसान कुणाचं होत होतं? दोघी खूश होत्या. मी डबी कोनाड्यात ठेवली, चहा प्यायले आणि लूनाला किक मारली.

त्यानंतर गयाबाईची मुलगी मंगल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठवा महिना सरत आला होता. मी दोनदा तिला तपासलं. पायाला जरा सूज होती, रक्तदाब किंचित वर, त्यासाठी मीठ कमी करायला सांगितलं. पोरगी हसरी होती. पाठ दुखते म्हणून झोप लागत नाही, एवढीच तिची कुरबुर.

एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला दवाखान्यासमोर जीप थांबली आणि गयाबाईचा दीर अन् दोन गडी मंगलला घोंगडीत घालून घेऊन आले. मागून गयाबाई, हातात फक्त सत्तावीस नंबरचं कार्ड. मीच सगळ्यांना बजावलं होतं ना, की दवाखान्यात येताना कार्ड विसरायचं नाही! ती सांगायला लागली की पोरगी सकाळपासून उठवून उठत नाही. मी मंगलच्या गालावर चापट्या मारल्या, छातीच्या हाडावर बोटं रगडली. तिनं कपाळाला आठी घातली, बस्स. श्वास इतके सावकाश की एक झाल्यावर दुसरा येतोय का, म्हणून बघत राहावं लागत होतं.

आमचे डॉक्टर तरुण होते, पण हाताचे हुशार. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, काही खाल्लं-पिलं का. गयाबाईनं आधी कार्ड पुढं केलं. मग म्हणाली की माझ्या झोपेच्या औषधातली दिली, झाडपाल्याचं हाय म्हणून दिली, पोरीला रात्र रात्र झोप न्हाई म्हणून दिली. "झाडपाल्याचं" हा शब्दही माझाच. लोक तयार व्हावेत म्हणून मी तेवढंच ठासून सांगायचे. निम्म्यांना साधी झोपेची गोळी आहे, ती ओळ कागदावर होती, पण मी ती भराभर वाचायचे.

डॉक्टरांनी कपाट उघडायला सांगितलं. पुण्याला फोन लावून विचारायचा नियम होता, पण लाइन बंद होती, आणि त्यांनी वाट बघितली नाही. सत्तावीस नंबरचं पाकीट टरकन फाडलं, चिठ्ठी वाचली आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. म्हणाले, "झाडपालाच आहे. म्हणजे हे त्या कॅप्सूलनं झालेलं नाही."

मग त्यांचं डोकं दुसरीकडं धावलं, आणि त्यांच्या जागी कुणाचंही तिकडंच धावलं असतं. आठवा महिना, पायाला सूज, रक्तदाब वर, आणि बेशुद्धी. त्यांनी गयाबाईला विचारलं की हातपाय झटकले होते का. ती घाबरून म्हणाली, पहाटे जरा थरथरल्यासारखी झाली होती. गरोदरपणातले झटके येतात, त्यात आई आणि मूल दोन्ही हातचे जातात. ते आम्ही दोघांनी त्याच पावसाळ्यात एकदा पाहिलं होतं. त्या काळी आमच्याकडं त्यावर शांत करणारं इंजेक्शन द्यायचे. ते झोपेच्या गोळीच्याच कुळातलं. डॉक्टरांनी मला ते भरायला सांगितलं.

मी भरलं. अँप्यूल फोडली, औषध ओढलं, सुईतली हवा काढली. हाताला सवय असते, हात थांबत नाही. मंगलच्या दंडाला पट्टा बांधला. आणि तिथं मला कळून चुकलं की गयाबाईच्या कोनाड्यात सत्तावीस नंबर नाही. हे इंजेक्शन गेलं तर जेमतेम चाललेला श्वासही थांबेल. एवढं स्पष्ट कळूनही मी लगेच बोलले नाही. डोक्यात भलतंच येत होतं, की डब्या परत बदलल्या असतील, की मला उगाच वाटतंय, की आता सांगितलं तर विचारतील तुम्हाला कधीपासून माहीत. मंगलचे चार श्वास होईपर्यंत मी गप्प राहिले. चार श्वास म्हणजे त्या वेळी तिला जवळजवळ अर्धं मिनिट लागत होतं. मला माझी लाज वाटते ती त्या अर्ध्या मिनिटाची.

"डॉक्टर, डब्या बदलल्यात," मी म्हटलं. "हिच्या घरात अठ्ठावीस नंबर आहे. मी पाहिलाय. लिहिला नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. माझ्या हातातून सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवली आणि अठ्ठावीसचं पाकीट फाडलं. त्यात झोपेची गोळी होती. त्यांनी विचारलं, किती खाल्ल्या. गयाबाई म्हणाली एक. मी तिचा हात धरला आणि पुन्हा विचारलं, तर म्हणाली दोन असतील. अशानं काही भागणार नव्हतं. मी तिच्या दिराला जीप घेऊन डबी आणायला पिटाळलं आणि इकडं मंगलला डाव्या कुशीवर वळवून प्राणवायू लावला. वीस मिनिटांत डबी आली. गुरुवारी मी प्रत्येक डबीत चौदा दिल्या होत्या, गयाबाईच्या चार रात्रींच्या चार गेल्या, दहा राहायला हव्या होत्या. मोजल्या तर सात. तीन कॅप्सूल त्या पोरीच्या पोटात होत्या, आणि खाऊन इतके तास झाले होते की पोट धुण्यात अर्थ नव्हता.

जालन्याला न्यायचं ठरलं. पोटुशी बाई, गोळीचा अंमल उतरेपर्यंत श्वास चालू ठेवायला हवा, आणि आमच्याकडं एकच सिलिंडर. जीपच्या मागच्या बाकावर मंगल, तिच्या उशाशी मी, हातात दाबायची रबरी पिशवी. डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं, श्वास मिनिटाला आठच्या खाली गेले की पिशवी दाबायची. घड्याळावर एक डोळा, तिच्या छातीवर एक. परतूर येईपर्यंत नऊ होते. पुढं सात झाले. मी दाबायला लागले. पुढच्या सीटवर गयाबाई मागं वळून सारखी माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला श्वास मोजता येत नव्हते, माझं तोंड वाचता येत होतं. म्हणून मी तोंड सरळ ठेवायची शिकस्त करत होते.

मला आता बाळाची धास्ती लागली होती. आईला प्राणवायू कमी पडला की आतलं बाळ आधी सुकतं. पोटावर नळी लावून ठोके ऐकायचे तर जीपच्या घरघरीत काही कळेना. पुढं रेल्वेचं फाटक लागलं आणि ते बंद. ड्रायव्हर तावातावानं शिव्या द्यायला लागला, दिरानं उतरून गेटमनची गचांडी धरायची तयारी केली. मी ओरडले की इंजीन बंद कर आणि सगळे गप्प बसा. नळी पोटावर लावली, दुसरं टोक कानाला. आधी माझ्याच रक्ताची धडधड ऐकू आली. मग जरा खाली सरकवल्यावर ती सापडली, बारीक, भरभर, नेमानं चाललेली टकटक. मी पूर्ण मिनिट मोजली. एकशे चौतीस. तोवर मालगाडी आली, आणि मला रडू फुटलं ते तिच्या खडखडाटात कुणाला कळलं नाही.

जालन्यात त्यांनी मंगलला ताब्यात घेतलं. संध्याकाळ व्हायच्या आत तिनं डोळे उघडले, आईला ओळखलं आणि भूक लागली म्हणाली. महिन्याभरानं तिला मुलगी झाली, अंगानं जरा लहान, पण रडायला खणखणीत. हे एवढं सांगून मी आजवर थांबत आले. लोक म्हणतात, सिस्टर, तुम्ही दोन जीव वाचवले. मी मान हलवायचे.

पण खरी गोष्ट पुढं आहे. मी सगळं लिहून पाठवलं, तारखेसकट, चहासकट. साहेब स्वतः आले. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की तुमच्या केंद्राचा एकही तक्ता आता धरता येणार नाही, कारण एक लपवलं ते बाकीचं कशावरून लपवलं नसेल? सात गावांची झोप, पावणेदोन वर्षांचे चिंचोके, सगळं एका गाठोड्यात बांधून पुण्याला गेलं आणि तिथं कुठल्यातरी कपाटात पडलं. लूना परत घेतली. मी वॉर्डात परतले. ते औषध पुढं लागू पडलं का, असं लोक विचारतात. मला माहीत नाही. आमच्याकडच्या आकड्यांवरून तर नाहीच सांगता येणार, कारण त्यात गयाबाईची गाढ झोप झाडपाल्याच्या नावावर लिहिली होती.

तो प्रकार झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी जालन्याच्या दवाखान्यात मंगलला बघायला गेले होते. ती पेज पीत बसली होती. गयाबाई बाहेरच्या ओट्यावर होती. तिला बघितल्यावर माझा इतका संताप झाला की मी तिथंच सुरू झाले. पोटुशी पोरीला औषध देतं का कुणी, कुणाला विचारलं होतं, अन् मुळात डब्या बदलायच्या कशाला? आम्ही जीव तोडून नंबर टाकतो ते कशाला? माझा आवाज इतका चढला की येणारे-जाणारे थांबले. ती खाली मान घालून सगळं ऐकत होती. माझं बोलून संपलं तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं आणि हळू बोलली.

"शिस्टर, म्या चुकले. पर तुम्ही त्या दिशी डबी हातात घेतली. नंबर वाचला, दोनदा वाचला. सुभद्रानं तुम्हाला सांगितलं बी. अन् तुम्ही काईच बोलल्या न्हाईत, चहा पिऊन गेल्या. मंग आम्हाला वाटलं, बराबर हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती फक्त मला समजावून सांगत होती, आणि मी तिच्यासमोर उभी होते.